परवडणारी नेमबाजी: .२२ चं पिस्तूल निवडताना

पहिलं वर्ष मी ९ मिलिमीटरचं पिस्तूल भाड्याने घेऊन काढलं. डिसेंबरात बिलं जोडली तेव्हा नवरा म्हणाला, "एवढ्यात तुझं भारताचं तिकीट निघालं असतं." खोटं नव्हतं. इथे टेक्सासमध्ये सध्या ९ मिलिमीटरची साधी गोळी साधारण २५ सेंटला पडते आणि .२२ ची, म्हणजे इंचाच्या .२२ एवढ्या जाडीची, बरी गोळी १० सेंटला. दर शनिवारी १५० गोळ्या धरा. एकीकडे साडेसदतीस डॉलर, दुसरीकडे पंधरा. वर्षातले ४० शनिवार रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, गेलात तर फरक ९०० डॉलरचा. ४५० डॉलरचं .२२ पिस्तूल २० शनिवारांत स्वतःची किंमत फेडतं, आणि ९ मिलिमीटरसारखा धक्का नसल्यामुळे तासाभरानंतरही हात थरथरत नाही.

पण हा हिशेब एका अटीवर टिकतो: पिस्तूल दर शनिवारी उचलावंसं वाटलं पाहिजे. शंभर डॉलर वाचवायला घेतलेलं, दर मॅगझिनला (गोळ्या भरायच्या डबीला) अडकणारं पिस्तूल तिसऱ्या महिन्यात कपाटात जातं. मी स्वतः ही चूक केली, त्याची गोष्ट पुढे येईल.

आधी व्हिसा बघा

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून आधी. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. रेंजवर तासाभरासाठी भाड्याचं पिस्तूल हातात घेणं हेही 'बाळगणं'च. "शिकारीचा परवाना काढला की झालं" असं सांगणारा एक तरी गृहस्थ मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला भेटतो. तो अपवाद कायद्यात खरोखर आहे. पण चूक झाली तर धोक्यात तुमचं इथलं राहणं येतं, त्यामुळे हा सल्ला इमिग्रेशनच्या वकिलाकडून घ्या, पिकनिकवर नको.

ग्रीन कार्ड असेल तर विकत घेता येतं. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात तुमचा एलियन नंबर लिहायचा, सोबत सध्याच्या पत्त्याचं सरकारी ओळखपत्र. मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासतो. बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं. फॉर्मवर विचारलेलं असतं की ही वस्तू खरोखर तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना. एच-१बीवरच्या मित्रासाठी आपल्या नावावर घेणं हा गंभीर गुन्हा आहे, मैत्री कितीही जुनी असो. गांजाबद्दलही त्याच फॉर्मवर प्रश्न आहे. तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्याला ते मान्य नाही.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. घरात एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याकडे एच-४ असेल, किंवा आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील, तर तिजोरीचा कोड फक्त ज्याला परवानगी आहे त्यालाच माहीत असू दे. ज्या वस्तूपर्यंत हात पोचतो ती कायद्याच्या नजरेत ताब्यात असलेली ठरू शकते.

राज्याराज्यांत नियम बदलतात. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी आधी वेगळं परमिट लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगण्यासाठीचं राज्याचं ओळखपत्र, कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबायचं आणि तेही राज्याच्या मंजूर यादीतलंच पिस्तूल घ्यायचं. टेक्सासमध्ये खरेदीसाठी राज्याचं वेगळं परमिट नाही.

ही गोळी आतून कशी असते

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीचं. नाव रायफलचं असलं तरी पिस्तुलात तेच चालतं. मोठ्या काडतुसांच्या बुडाशी मधोमध वेगळी टोपी असते, तिच्यावर पिन आपटते. .२२ मध्ये टोपी नाहीच. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, बुडाच्या दुमडलेल्या कडेत, म्हणजे रिममध्ये, भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आपटते.

निवडीच्या वेळी डोक्यात ठेवायच्या चारही गोष्टी या गोळीच्या घडणीतून निघतात. बनवायला सोपी म्हणून गोळी स्वस्त. मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरला नसेल तर अधूनमधून एखादी फुसकी निघते, आणि त्यात पिस्तुलाचा दोष नसतो. कड बाहेर आलेली असल्यामुळे मॅगझिनमध्ये गोळ्या एकमेकींत अडकू शकतात. आणि शिशाच्या गोळीला मेणासारखं वंगण लावलेलं असतं, म्हणून हे पिस्तूल लवकर घाण होतं.

सेमी-ऑटोमॅटिक .२२ चं काम साधं आहे. गोळी सुटताना पुंगळी मागे ढकलली जाते, ती बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, मागे नेते, रिकामी पुंगळी बाहेर उडते, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते, येताना तो नवी गोळी उचलतो. सगळा खेळ त्या एका ढकलण्यावर. गोळीत जोर कमी पडला किंवा आत काजळी साचली की खेळ बिघडतो.

दोन घराणी

बाजारातल्या .२२ पिस्तुलांची ढोबळमानाने दोन घराणी आहेत.

पहिलं, खास नेमबाजीसाठी घडवलेलं. यात नळी घट्ट बसवलेली असते आणि साइट्स (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा) हलत नाहीत, आत फक्त बोल्ट किंवा छोटी स्लाइड मागेपुढे होते. रुगरची मार्क मालिका, ब्राउनिंगचं बक मार्क आणि स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी ही यातली परवडणारी तीन नावं.

दुसरं, मोठ्या पिस्तुलांची धाकटी भावंडं. ग्लॉक ४४, टॉरसचं टीएक्स २२, वॉल्थरचं पी २२. हलकी, प्लॅस्टिकच्या चौकटीची, दिसायला ९ मिलिमीटरसारखी. ज्याच्याकडे मोठं पिस्तूल आहे आणि त्याचाच सराव स्वस्तात करायचा आहे, त्याच्यासाठी हे घराणं बरोबर.

कागदावर गोल काढून त्याच्या मध्यावर मारणं एवढीच हौस असेल तर माझं मत पहिल्या घराण्याला. कारण वजन. टीएक्स २२ साधारण अर्धा किलो भरतं, व्हिक्टरी जवळपास एक किलो. हातात जड, आणि वजन नळीकडे झुकलेलं असलं की चाप दाबताना साइट कमी डगमगते. माझी चूक नेमकी इथे झाली. "बाईमाणसाच्या हाताला हलकंच बरं" असं मला काउंटरवर सांगण्यात आलं आणि मी इवलंसं पिस्तूल घेऊन घरी आले. चाप इतका कडक की प्रत्येक गोळीला नळी डावीकडे जायची. स्वस्त गोळ्या त्याला पचायच्या नाहीत, फक्त जोरदार महागड्या चालायच्या. सात महिन्यांत दोनशे डॉलरचं नुकसान सोसून विकलं.

दुकानात: हातात घेऊन बघायच्या पाच गोष्टी

दुकानदाराने पिस्तूल उघडून रिकामं असल्याचं दाखवलं तरी तुम्ही स्वतः पुन्हा बघा. मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, आत नजर आणि शक्यतो बोटही. नळी कोणाकडे रोखायची नाही, बोट चापाबाहेर. संकोच वाटायचं कारण नाही, चांगला दुकानदार याने खूशच होतो.

मग मुठीत धरा. हात सरळ करा, डोळे मिटा, आरामात समोर रोखा, डोळे उघडा. दोन्ही साइट्स जवळपास एका रेषेत दिसल्या तर मूठ तुमच्या हाताची. प्रत्येक वेळी नळी वर किंवा बाजूला दिसत असेल तर मुठीचा कोन तुमच्यासाठी नाही. रुगर मार्क ४ दोन कोनांत मिळतं: एक जुना, जास्त तिरका, आणि दुसरा '२२/४५' नावाचा, उभा. दोन्ही धरून बघा. मला उभा आवडला, माझ्या नवऱ्याला तिरका, आणि यावर आमच्याकडे अजून वाद चालतो.

तिसरं, चापावर बोटाच्या पेराचा मधला मऊ भाग सहज पोचतो का? ताणून टोकच लागत असेल तर पिस्तूल मोठं, पेराची घडी येत असेल तर लहान. चौथं, दुकानदाराची परवानगी घेऊन चाप दाबून बघा. चांगला चाप काचेची काडी मोडावी तसा तुटतो; वाईट चाप वाळूतून ओढल्यासारखा येतो. दीड ते दोन किलोच्या आसपासचा चाप सुरुवातीला छान. परवानगी मुद्दाम म्हटलं, कारण काही .२२ पिस्तुलांत रिकामा चाप दाबला की पिन नळीच्या मागच्या कडेवर आपटते आणि तिथे खड्डा पडतो. मॅन्युअलमध्ये चालतं की नाही ते लिहिलेलं असतं. घरच्या सरावासाठी बरेच जण भिंतीत स्क्रू बसवायचे पिवळे प्लॅस्टिकचे गुटके चेंबरमध्ये, म्हणजे नळीत गोळी बसते त्या जागी, घालतात. काही सेंटला एक, पिन त्याच्यावर आपटते.

पाचवं, बोल्ट मागे ओढून बघा. संधिवात असेल, बोटं आखडत असतील तर हे सगळ्यात आधी बघा. मार्क ४ मध्ये बोल्टच्या मागच्या टोकाला चिमटीत धरायचे दोन कान आहेत, काहींना ते सोपे वाटतात, काहींना रुंद स्लाइड.

भाड्याने घ्या, मगच ठरवा

तीन पिस्तुलं निवडली की ती भाड्याने देणारी रेंज शोधा. काही रेंज एकट्या नवख्याला पिस्तूल भाड्याने देत नाहीत, सोबत ओळखीचं कोणी न्या. आणि पहिल्यांदाच जात असाल तर आधी प्रशिक्षकाबरोबर एक तास काढा. हे पैसे वाचवू नका.

प्रत्येक पिस्तुलाला सारखीच परीक्षा द्या. एकाच प्रकारची गोळी, दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर अंतर, नवा कोरा कागद, पाच-पाच गोळ्यांचे चार गट. मध्यावर लागल्या का याकडे आज बघू नका, साइट नंतर फिरवता येते. गट किती लहान आहे ते बघा. आमच्या रेंजवरच्या मराठी मंडळींचं माप असं: भाकरी, पुरी, पेढा. नवख्या हाताला भाकरीएवढा गट पडतो. ज्या पिस्तुलाने त्याच दिवशी पुरीएवढा पडला ते तुमच्या हाताचं. पेढ्याला वर्ष लागतं. शेजारी वहीत लिहा: किती वेळा अडकलं, मॅगझिन भरताना अंगठा किती दुखला, विसाव्या गोळीनंतर हात दुखला का.

पर्याय आणि किंमती

किंमती दुकानागणिक बदलतात, अंदाज म्हणून घ्या.

रुगरने पहिलं 'स्टँडर्ड' पिस्तूल १९४९ मध्ये साडेसदतीस डॉलरला काढलं आणि कंपनीच त्याच्यावर उभी राहिली. आजचं मार्क ४ हे २०१६ चं. आधीच्या मार्क २ आणि मार्क ३ चं खोलणं-जोडणं म्हणजे डोकेदुखी होती, आतल्या हातोडीचा, म्हणजे हॅमरचा, कोन चुकला की परत जुळत नाही. मार्क ४ मागचं एक बटण दाबून बिजागरीसारखं उघडतं. फक्त या एका बटणासाठी मी नवख्याला मार्क ४ सुचवते. हलक्या चौकटीचं २२/४५ सुमारे ४०० ते ५०० डॉलर, धातूच्या चौकटीचं टार्गेट मॉडेल त्याहून शे-दीडशे वर.

बक मार्क १९८५ पासून आहे. कारखान्यातून येणारा चाप तिघांत मला सगळ्यात गोड वाटतो. साफ करायला मात्र वरची पट्टी आणि स्क्रू काढावे लागतात. किंमत रुगरच्याच आसपास.

व्हिक्टरी बहुतेक वेळा तिघांत स्वस्त. एका स्क्रूने नळी बदलता येते, त्यामुळे पुढे हौस वाढली तर त्याच चौकटीवर चांगली नळी चढवता येते. तिन्हींच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, म्हणजे दहाची मर्यादा असलेल्या राज्यांतही त्या बाबतीत अडचण नाही.

धाकट्या भावंडांतलंच हवं असेल तर टीएक्स २२. तीनशे डॉलरच्या आसपास आणि त्या किमतीत चाप बराच बरा. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१ किंवा इटलीचं पार्डिनी यांच्याकडे काचेतून बघा आणि पुढे चला. ती पिस्तुलं उत्तमच आहेत, पण आपला विषय परवडण्याचा आहे.

वापरलेलं घेणार असाल तर बरा सांभाळलेला मार्क २ हे सोनं आहे. वापरलेलं मार्क ४ मिळालं तर ते जून २०१७ च्या आधीचं आहे का बघा. त्या काळातली पिस्तुलं सेफ्टीच्या दोषासाठी रुगरनेच परत बोलावली होती. कंपनीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की दुरुस्ती लागते का ते कळतं.

चाळिशीचा चष्मा

हे कुठल्याच खरेदीच्या यादीत नसतं, पण पंचेचाळिशीनंतर निम्मा प्रश्न हाच असतो. नेमबाजीत पुढची साइट स्पष्ट दिसायला हवी, लक्ष्य थोडं धूसर चालतं. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात हाताच्या अंतरावरचं बघायला हनुवटी वर करावी लागते आणि मान आखडते. उपाय दोन. एक, डोळ्यांच्या डॉक्टरला सांगून एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या, लांबच्या नंबरात अर्धा ते पाऊण वाढवून, काच पॉलिकार्बोनेटचीच. दोन, रेड डॉट, म्हणजे लाल ठिपका दाखवणारी छोटी काच, बसवा. त्यात ठिपका आणि लक्ष्य एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, नजर पुढेमागे करावी लागत नाही. म्हणून पिस्तूल घेतानाच त्याच्यावर डॉट बसवायची सोय आहे का विचारा. पहिले तीन महिने मात्र साध्या साइटवर काढा. डॉटमध्ये हाताची थरथर एवढी मोठी दिसते की नवखा माणूस घाबरून चाप झटकतो.

गोळ्या आणि बाकीचं सामान

पिस्तूल घरी आलं की एकदम पाच हजार गोळ्यांचं खोकं घेऊ नका. चार-पाच प्रकारच्या पन्नास-पन्नास गोळ्या घ्या आणि बघा तुमच्या पिस्तुलाला कुठली आवडते. एकाच मॉडेलच्या दोन पिस्तुलांची आवड वेगळी निघू शकते. ४० ग्रेनची (हे गोळीच्या वजनाचं माप), स्टँडर्ड व्हेलॉसिटीची, म्हणजे साध्या वेगाची गोळी, वेग सेकंदाला साधारण ३२५ मीटर, ही सुरुवात. आवाजाच्या वेगाच्या खाली असल्यामुळे ती स्थिर जाते. पहिल्या घराण्यातली पिस्तुलं बहुधा हीच आनंदाने खातात. हलक्या प्लॅस्टिकवाल्यांना कधी कधी हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची, लागते.

बाकी खर्च धरा: दोन जादा मॅगझिन ६०, कानाचे मफ आणि बोळे ४०, संरक्षक चष्मा १५, कुलपाची पेटी ८०, सफाईचं सामान २५. म्हणजे ४५० चं पिस्तूल दाराशी ६७० ला पडतं. पेटीवर काटकसर करू नका. दुकानदार पिस्तुलासोबत कुलूप देतोच, तशी कायद्याने सक्ती आहे, पण घरात मुलं असतील तर ते पुरेसं समजू नका. .२२ चा आवाज 'टिक्' असा वाटतो म्हणून कान उघडे ठेवणारे दिसतात. बंद रेंजमध्ये तेवढाही कान कायमचा बिघडवायला पुरतो. मी बोळे आणि वर मफ, दोन्ही घालते.

रेंजवर

मॅगझिन भरताना बाजूचं बटण पूर्ण खाली ओढून गोळ्या टाकू नका. थोडं खाली, एक गोळी, पुन्हा थोडं. वरच्या गोळीची कड खालचीच्या पुढे बसली पाहिजे. निम्मी अडकाअडकी इथेच संपते.

चाप दाबला आणि काहीच झालं नाही, तर नळी समोरच ठेवून तीस सेकंद थांबा. उशिरा पेटणारी गोळी असू शकते. मगच ती काढा आणि रेंजच्या फुसक्या गोळ्यांच्या डब्यात टाका. नेहमीचा आवाज न येता नुसतं 'फुस्' झालं तर मात्र दुसरी गोळी अजिबात मारू नका. आधीची नळीतच अडकलेली असू शकते. पिस्तूल रिकामं करा आणि रेंजच्या माणसाला बोलवा.

शिशाचं आपल्याला विशेष बघावं लागतं, कारण आपण हाताने जेवतो. रेंजवर काही खायचं नाही. निघताना थंड पाणी आणि साबणाने हात, मनगटं आणि चेहरा धुवायचा. घरी चपला बाहेर काढायची आपली सवय इथे अगदी कामाची आहे, बूट गॅरेजमध्येच ठेवा आणि कपडे वेगळे धुवा. रांगतं मूल घरात असेल तर यात ढिलाई नको.

तीन-चारशे गोळ्यांनंतर बोल्टचं तोंड आणि चेंबर पुसा, तेलाचे दोन थेंब. नळी रोज घासायची गरज नाही, चुकीच्या काठीने घासून नळीचं तोंड बिघडवणारे मी जास्त पाहिलेत.

भारताशी संबंध येतो तिथे

कोल्हापूरचा भाचा विचारतो, "मावशी, माझ्यासाठी एक आण ना." नाही आणता येत. भारतात .२२ ला शस्त्र परवाना लागतो, आयातीचे नियम वेगळे आणि कडक. त्याच्यासाठी रस्ता १० मीटर एअर पिस्तुलाचा: ४.५ मिलिमीटरचा छर्रा, गावातला क्लब, प्रशिक्षक. त्याच्याच गावच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, त्यामुळे कोल्हापुरात त्याला शिकवणारं कोणी सापडणार नाही असं नाही.

आणि रेंजची बॅग फक्त रेंजचीच ठेवा. तीच बॅग भारताच्या प्रवासाला नेऊ नका. विमानतळावर सामानात एक विसरलेलं काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि "चुकून राहिलं" हे पटवून देण्यात सुट्टी संपते. आमच्याकडे निघायच्या आदल्या रात्री सगळ्या बॅगा आणि जॅकेटं उलटी करून झटकतात. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या जुन्या विंडचीटरच्या आतल्या खिशातून एक .२२ टुणकन फरशीवर पडली होती. तो विंडचीटर आता गॅरेजमध्येच असतो, बुटांच्या शेजारी.